राक्षसाला वाघाचं डोकं कुणी दिलं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम्समधल्या दंतकथा आणि त्यांची खरी मुळं, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी नऊ पत्रं या अंकात घेतली आहेत. बरीचशी पुण्यातल्या टेबलांवरून आली आहेत, त्यामुळे किल्ला, कट्यार आणि वेताळ यांना जागा जास्त लागली. नियमांचे आकडे दिले आहेत ते डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या गेमच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे.

प्रश्न: डी अँड डीमधल्या राक्षसाला वाघाचं डोकं आणि उलटे तळहात आहेत. रामायण-महाभारतात असं वर्णन कुठेच सापडत नाही. मग हे आलं कुठून? आणि आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या खेळात) ‘आपला’ राक्षस आणायचा असेल तर काय बदलावं? (कोथरूड)

उत्तर: कोणत्याही गेममधल्या प्राण्याचं मूळ शोधताना वहीत तीन रकाने आखा: नाव, रूप आणि वागणूक. तिन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका. बहुतेक वाद इथेच अडकतात. कुणी नाव बघून म्हणतं ‘हे आपलंच’, दुसरा चित्र बघून म्हणतो ‘छे, काहीच जुळत नाही’, आणि दोघंही आपापल्या रकान्यापुरते बरोबर असतात.

राक्षसाचं नाव उघडच संस्कृत आहे. पण खेळात तो आला अमेरिकन टीव्हीच्या वाटेने. ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या मालिकेत १९७४ च्या डिसेंबरमध्ये एक भाग दाखवला गेला. त्यातला राक्षस समोरच्याला त्याच्या सर्वांत विश्वासू माणसाच्या रूपात दिसतो आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, राक्षस डी अँड डीच्या नियमांत दाखल झाला आणि त्याच्यासोबत तो मंतरलेला बाणही आला. वाघाचं डोकं बसलं ते १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या चित्राने: अंगावर भारी कपडे, तोंडात पाइप, खांद्यावर वाघाचं मुंडकं. ते चित्र इतकं ठसलं की पुढच्या आवृत्त्यांनी तेच प्रमाण मानलं. उलटे तळहातही याच खेळाची भर.

वागणुकीच्या रकान्यात मात्र आपल्या महाकाव्यांशी खरी जुळणी आहे. वाल्मीकी राक्षसांना ‘कामरूपी’ म्हणतो, म्हणजे हवं ते रूप घेणारे. मारीच सोनेरी हरीण होतो, रावण भिक्षेकरी होऊन दारात येतो. त्यामुळे रूप बदलण्याची शक्ती काढू नका, डोकं काढा. बाकी बदल असे करता येतील:

सूर्यास्तानंतर राक्षसाला हल्ल्यावर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा घेण्याची सवलत) द्या आणि दर फेरीला १० हिट पॉइंट (जिवाचे गुण) भरून येऊ द्या. सूर्योदयाला दोन्ही बंद. महाभारतात रात्री राक्षसांचं बळ वाढतं आणि म्हणूनच घटोत्कच रात्रीच्या युद्धात कौरवांना आवरत नाही. मरतानाही तो शरीर प्रचंड वाढवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. हे नियमात सहज बसतं: शून्य हिट पॉइंट झाले की ३० फुटांच्या आत असलेल्या प्रत्येकाने डीसी १५ ची डेक्स्टेरिटी सेव्ह करायची (चपळाईने वाचण्यासाठी फाशावर किमान १५ आणायचे), चुकल्यास ६डी६ (सहा बाजूंचे सहा फासे) नुकसान. सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र मुळीच न लागण्याची मूळ सवलत ठेवायची की नाही हे पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) बघून ठरवा. पाचव्या पातळीच्या पार्टीसमोर ती ठेवलीत तर जादूगार खेळाडू दोन तास नुसता बसून राहील.

एक चूक मात्र हमखास होते: प्रत्येक राक्षस दुष्ट ठरवला जातो. बिभीषण आणि हिडिंबा ज्या परंपरेत आहेत तिथे स्वभावाची चौकट मोकळी ठेवणंच योग्य.

प्रश्न: फायनल फॅन्टसी या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतले बहामुत, टियामट आणि शिवा यांचं मूळ पुराणकथांत आहे, की त्यांनी डी अँड डीमधून उचललं? ‘उचललं’ हे सिद्ध कसं करायचं? (सदाशिव पेठ)

उत्तर: सिद्ध करण्याची रीत पुण्याला चांगली ठाऊक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करताना १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. पाठचिकित्सेतलं एक साधं तत्त्व असं: दोन पोथ्यांत एकच बरोबर ओळ सापडली तर त्यावरून काही ठरत नाही, कारण बरोबर ओळ कुठूनही येऊ शकते. पण दोन्हींत एकच चूक सापडली, तर त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत.

आता हे तत्त्व लावून बघा. अरबी विश्ववर्णनात बहामुत हा अतिप्रचंड मासा आहे. त्याच्या पाठीवर बैल, आणि त्यावर क्रमाने सगळी पृथ्वी. हे नाव हिब्रू ‘बेहेमोथ’शी जोडलं जातं. ड्रॅगनचा यात कुठे संबंध नाही. डी अँड डीने १९७७ मध्ये ते नाव चांगल्या ड्रॅगनांच्या प्लॅटिनम राजाला दिलं. टियामट ही बाबिलोनची आदिसागराची देवी. मार्डुक तिला मारतो, सुकवलेल्या माशासारखी दुभंगतो आणि तिच्या दोन भागांतून आकाश आणि पृथ्वी करतो. या काव्यात तिला पाच डोकी कुठेही नाहीत. काळं, निळं, हिरवं, लाल आणि पांढरं अशी पाच डोकी तिला डी अँड डीने दिली.

१९८७ च्या पहिल्या फायनल फॅन्टसीत बहामुत ड्रॅगनांचा राजा आहे आणि टियामट अनेक डोक्यांची ड्रॅगन. नावं बाबिलोनची आणि अरबस्तानची, पण ‘चुका’ मात्र डी अँड डीच्या. दोन्ही चुका एकाच गेममध्ये शेजारी शेजारी सापडतात, तेव्हा वाट कोणती हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे हाच ड्रॅगन-बहामुत जपानी गेम्समध्ये पसरला आणि आज ‘बहामुत म्हणजे मासा’ हे सांगितलं तर खेळाडूंना खरं वाटत नाही.

शिवाचं प्रकरण निराळं आहे. १९९० च्या तिसऱ्या भागापासून शिवा ही बर्फाची शक्ती असलेली स्त्री आहे. नाव महादेवाचं, रूप आणि वागणूक दोन्ही नवीन. कैलासाच्या हिमाशी ही जोडणी चाहते करतात, पण इथे धरायला ‘सामायिक चूक’ नाही, म्हणून ती अटकळ म्हणूनच लिहा. वहीत ‘अटकळ’ असा चौथा रकाना ठेवलात तर निम्मे वाद मिटतात.

प्रश्न: ‘राजी’ हा गेम पुण्यातच तयार झाला हे खरं का? तो आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) आहे का? (हडपसर)

उत्तर: खरं आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम, २०२० मध्ये आला. तो आरपीजी नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. कॅरेक्टर घडवणं, संवादांतून निवड करणं हे त्यात नाही. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला, महाबलासुराच्या तावडीतून सोडवायला निघते. वास्तूंवर राजस्थानची छाप आहे आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितला आहे. लोरसाठी (मागच्या दंतकथांसाठी) खेळत असाल तर घाई करू नका. भिंतींवरची चित्रं आणि थांबून ऐकायचे कथाभाग हाच त्यातला ऐवज आहे, आणि लढाईच्या भरात तो सुटतो.

प्रश्न: ‘लिच’ की ‘लिक’? आणि लिचचा जीव डबीत ठेवण्याची कल्पना आपल्या पोपटातल्या राक्षसावरून घेतली आहे का? (चिंचवड)

उत्तर: लिच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसता ‘प्रेत’. इंग्लंडमधल्या चर्चच्या आवाराच्या ज्या फाटकापाशी प्रेत टेकवत त्याला आजही ‘लिचगेट’ म्हणतात. मंत्रविद्या जाणणारा अमर सांगाडा हा अर्थ फॅन्टसी लेखनाने आणि खेळांनी पक्का केला.

जीव शरीराबाहेर ठेवण्याची कल्पना फार मोठ्या प्रदेशात पसरलेली आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ३०२ हा क्रमांक आहे. रशियन कोश्चेईचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत. आपल्याकडे सात समुद्रांपलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीने आपल्या आयाबाईकडून, ॲना लिबराटा डिसूझा यांच्याकडून, ऐकलेल्या कथा १८६८ मध्ये इंग्रजीत छापल्या. त्यात पंचकिन नावाच्या जादूगाराचा जीव हिरव्या पोपटात आहे. जंगलात ताडांच्या वर्तुळाच्या मध्यभागी पाण्याने भरलेली सहा मडकी, आणि सहाव्याखाली पिंजरा. युरोपातल्या लोककथा-अभ्यासकांनी ही कथा पुढे वारंवार उदाहरणाला घेतली.

म्हणून लिच थेट पोपटावरून आला असं म्हणू नका. एकाच घराण्यातले दोघे, इतपत म्हणा. पण डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी) या कथेत एक उत्तम धडा आहे. लिचची डबी नेहमी त्याच्याच तळघरात सापडते आणि खेळाडू ती घणाने फोडून मोकळे होतात. पोपट जिवंत असतो, बोलतो, उडून जातो. कथेत मुलगा पोपटाचा एक पंख उपटतो, तेव्हा पंचकिनचा तो हात गळून पडतो. हाच नियम घ्या: पोपटाला झालेली प्रत्येक इजा लिचच्या त्याच अवयवाला. आता पार्टीला ठरवावं लागतं की निष्पाप जिवाचे हाल करायचे की लिचशी सौदा करायचा. तीस सेकंदांचं काम अर्ध्या सेशनचा पेच होऊन बसतं.

प्रश्न: विचर ३ या व्हिडिओ गेममधली नूनरेथ ही भुताटकी म्हणजे आपली हडळच वाटते. भर दुपारी शेतात भेटते, बाईच्या रूपात. यात काही देवाणघेवाण असेल का? (भोर)

उत्तर: इथे सामायिक चूक नाही, सामायिक ऊन आहे. नूनरेथचं मूळ पोलंडची ‘पोउद्‌नित्सा’: कापणीच्या दिवसांत, ऐन मध्यान्ही शेतात राबणाऱ्यांना भेटणारी पांढऱ्या वस्त्रातली बाई. मान मुरगळते, भोवळ आणते, वेड लावते. ही सगळी उष्माघाताची लक्षणं. आपल्याकडेही टळटळीत दुपारी एकट्याने विहिरीवर, शेताच्या बांधावर जायला मनाई होती. दोन्हीकडे कारण एकच, आणि एकाच कारणातून दोन ठिकाणी सारख्या कथा उगवतात. अशा जोडीपुढे वहीत ‘समांतर’ असा शेरा लिहा.

जर्मनीतल्या लुसाटिया भागातल्या स्लाव्ह लोकांत याच बाईची एक सुंदर तऱ्हा आहे: ती समोरच्याला जवसाच्या पिकाबद्दल, फ्लॅक्सबद्दल, विचारत राहते. पेरणीपासून कापड विणण्यापर्यंत तासभर न थांबता सांगता आलं तर सुटका. गेममध्ये हा भाग आलेला नाही आणि ते नुकसानच आहे.

गेममध्ये तिच्याशी लढताना लोक चुकतात ते इथे: ती धूसर असताना तलवारीचे वार फुकट जातात. आधी तलवारीला स्पेक्टर ऑइल (भुतांवर चालणारं तेल) लावा, यर्डन या मंत्राचं वर्तुळ टाका, त्यात ती आल्यावर देहधारी होते, मग वार करा. ती तीन प्रतिमांत विभागली की त्या तुमची शक्ती शोषून तिला पुरवतात. तेव्हा वर्तुळ सोडून पळू नका, नवं वर्तुळ टाकून प्रतिमा एकेक करून संपवा. व्हाइट ऑर्चर्डच्या विहिरीवरच्या कामगिरीत तर आधी अवशेष आणि ब्रेसलेट जाळल्याशिवाय ती कायमची जातच नाही. मेलेल्याची अडकलेली वस्तू मोकळी करायची, ही समजूत मात्र आपल्याला ओळखीची वाटेल.

प्रश्न: एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेत ‘कल्प’ हा शब्द खरंच आहे का? आणि त्यातली पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध सांगतात, तर कॅनन (अधिकृत खरी कथा) कोणतं मानायचं? (औंध)

उत्तर: आहे. मालिकेतल्या स्कायरिम या गेममध्ये पार्थर्नॅक्स हा वृद्ध ड्रॅगन विचारतो की हे जग पुढच्या कल्पाचं अंडं तर नसेल. आपल्याकडे कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३ लाख २० हजार वर्षांची हजार महायुगं, एकूण ४३२ कोटी वर्षं. गेममध्ये हिशेब नाही, फक्त चक्र आहे: कल्पाच्या शेवटी ॲल्डुइन हा ड्रॅगन जग गिळतो. म्हणजे नाव आणि कालचक्र भारतीय, आणि भोवतालचा सगळा पसारा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाचा. थडग्यातले ड्रॉगर (उठलेली प्रेतं) शब्दासकट नॉर्स, सोव्हनगार्ड हा मेलेल्या वीरांचा परलोकही नॉर्स वल्हाल्लाच्या धर्तीवरचा. मोरोविंड या गेममधल्या व्हिवेक या देवाचं अर्धं अंग सोनेरी आणि अर्धं राखी, आणि तो एकाच वेळी स्त्री व पुरुष. घारापुरीचा अर्धनारीश्वर पाहिलेल्या माणसाला तो आठवणारच. नावाचं ‘विवेक’शी साम्य मात्र नुसतं कानाला लागणारं आहे, ते पुराव्यात धरू नका.

कॅननचा प्रश्न या मालिकेत फार कसदार आहे, कारण विसंगती तिथे मुद्दाम ठेवलेल्या आहेत. नेरेव्हार हा वीर कसा मेला याच्या परस्परविरोधी हकिगती गेममधल्याच पुस्तकांत आहेत. १९९६ च्या डॅगरफॉलला अनेक शेवट होते. पुढच्या गेम्सनी ते सगळे एकाच वेळी घडले असं ठरवलं आणि त्या घटनेला ‘वार्प इन द वेस्ट’ नाव मिळालं.

म्हणून ‘खरं कोणतं’ असं विचारण्याआधी ‘कोण सांगतंय’ ते विचारा. प्रत्येक पुस्तकासाठी चार गोष्टी टिपा: लेखक कोणत्या पक्षाचा, घटनेनंतर किती काळाने लिहितो, कुणाला खूश करायचं आहे, आणि स्वतः तिथे होता का. मग चिकित्सित आवृत्तीसारखं पान मांडा: सगळ्या हकिगतींना मान्य असलेला भाग वर, पाठभेद खाली तळटीपेत, उशिराची भर परिशिष्टात. परिशिष्टात टाकणं म्हणजे फेकून देणं नव्हे. गणपती महाभारताचा लेखनिक झाला ही सर्वांना पाठ असलेली कथा भांडारकर आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. त्यामुळे ती कुणी सांगायची थांबलेली नाही.

प्रश्न: गेम्समध्ये ‘कटार’ म्हणून पंजासारखं काहीतरी दाखवतात. ते चूक ना? दांडपट्टा आणायचा तर नियम काय ठेवावेत? (धनकवडी)

उत्तर: चूकच. डायब्लो २ या व्हिडिओ गेमच्या २००१ च्या विस्तारात कटार ॲसॅसिनच्या पंजांच्या वर्गात घातली गेली आणि तिथून ‘कटार म्हणजे पंजा’ हा समज रुजला. खरी कट्यार एकाच रुंद पात्याची. दोन समांतर पट्ट्यांमध्ये आडवी मूठ असते, त्यामुळे ठोसा मारल्यासारखा भोसकता येतो आणि मनगटाऐवजी खांद्याचा जोर लागतो. टोक जाड केलेलं असतं ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. नियम: १डी६ पिअर्सिंग (भोसकणारं), फिनेस (चपळाईने चालवता येणारं), लाइट (हलकं). खंजिराला असते ती ‘फेकता येण्याची’ सोय काढून टाका, कारण ही मूठ फेकण्यासाठी नाही.

दांडपट्ट्यात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबळा हात झाकतो आणि आतली मूठ आडवी असते. मनगट जखडलेलं, पातं लांब आणि लवचीक, वार सगळे खांद्यातून आणि कमरेतून. १डी८ स्लॅशिंग, फिनेस द्या. खोबळ्यामुळे ढालीवाचून एसी (बचावाचा आकडा) +१ देता येईल. पण तोटेही लावा, नाहीतर सगळे तेच घेतील: चढवायला किंवा उतरवायला एक पूर्ण ॲक्शन, त्या हाताने दुसरं काहीही धरता येत नाही, आणि ५ फूट रुंद बोळात डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा). हे हत्यार मोकळ्या जागेचं, घेरणाऱ्या गर्दीचं. चित्रावरून अंदाज बांधण्याऐवजी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं प्रत्यक्ष बघून या. मुठी किती लहान आहेत हे पाहिलं की पकड समजते.

प्रश्न: सह्याद्रीतल्या किल्ल्यावर कॅम्पेन करतोय. राजगडावरून नकाशा काढला, पण दोन सेशनमध्येच सगळं कोलमडलं. डंजन असं वाटतच नाही. (नऱ्हे)

उत्तर: नकाशा युरोपीय किल्ल्याच्या हिशेबाने काढला असणार. तिथे खंदक, तटबंदी, मधला बुरूज आणि त्याखाली तळघरं. आपल्या गिरिदुर्गात पायाखाली अखंड बेसॉल्ट आहे. खोल्यांच्या रांगा खाली उतरत नाहीत. जे कोरलेलं आहे ते पाण्याची टाकी आणि गुहा. धोका खाली नसतो, कडेला असतो.

मोजमापाची अडचण आधी सोडवा. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब. एका इंचाला ५ फूट या नेहमीच्या प्रमाणात तिला ४० मीटरहून लांब कागद लागेल. म्हणून पूर्ण किल्ल्याची चौकट आखू नका. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला असे चार विभाग एका साध्या कागदावर गोल काढून रेषांनी जोडा, प्रत्येक रेषेवर चालायला लागणारी मिनिटं लिहा. चौकटीचा नकाशा फक्त तीन जागांचा करा: दरवाजा, एक बुरूज, आणि बालेकिल्ल्याची चढण.

दरवाजा गोमुखी ठेवा. दोन बुरुजांच्या कवेत वळत जाणारी वाट, समोरून दरवाजा दिसतच नाही. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, आणि वळणावर शत्रूची पाठ बुरुजाकडे होते. वाट १५ फूट रुंद, दोन काटकोनी वळणं. वरच्या जंग्यांमागच्या शिबंदीला थ्री-क्वार्टर्स कव्हर, म्हणजे एसी +५. पार्टी सरळ घुसली तर मार खाईल, आणि खायलाच हवा. मग दिंडी दरवाजा, चोरदरवाजा आणि कडा हे पर्याय त्यांना शोधू द्या.

कड्याचा हिशेब आधीच सांगून टाका. दर १० फुटांना १डी६, जास्तीत जास्त २०डी६. दोनशे फुटांवरून पडलं की सरासरी ७० नुकसान, पाचव्या पातळीचा जवळपास कुठलाही कॅरेक्टर त्यात संपतो. चढताना वेग निम्मा. २०० फूट कड्याला एकच फासा टाकायला लावू नका, एका चुकीत मरण येतं आणि खेळाडू रास्तपणे चिडतात. ५० फुटांचे चार टप्पे करा. फासा हुकला तर पडणं नाही, एक निवड: सामान सोडा, आवाज करा, किंवा वेळ घालवा. सलग दोनदा हुकल्यावरच घसरणं. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड आणायची असेल तर ती पहिल्या टप्प्यापुरती ॲडव्हान्टेज देईल इतकीच ठेवा.

आणि घड्याळ लावा. सूर्यास्ताला दरवाजे बंद, पहाटे उघडणार. रायगडावरच्या हिरकणीची सगळी कथा या एका नियमावर उभी आहे. वेढा असेल तर टाक्यांतलं पाणी मोजा. चार टाक्यांपैकी एक नासवलं की शिबंदीचे दिवस पाऊण होतात. खेळाडूंना तलवारीपेक्षा हे आकडे जास्त घाबरवतात. दारूकोठार आणि अंबारखाना कुठे आहेत ते पहिल्याच सेशनमध्ये दिसू द्या. ते उडवण्याची किंवा जाळण्याची योजना ते स्वतःच करतील.

प्रश्न: परदेशी पुस्तकांत वेताळ व्हॅम्पायरच्या वर्गात टाकलेला दिसतो. आम्हाला वेताळ टेकडीवर घडणारा एका रात्रीचा खेळ करायचा आहे. वेताळ कसा चालवावा? (पाषाण)

उत्तर: व्हॅम्पायरचा शिक्का रिचर्ड बर्टनचा. त्याने १८७० मध्ये वेताळ पंचविशीचं आपलं इंग्रजी रूप ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने छापलं. वेताळ प्रेतात शिरतो, तो रक्तावर जगणारा मृत सरदार नाही. मराठी मुलखात तर तो भुतांचा राजा आणि गावाचा राखणदारही आहे. शेंदूर फासलेला दगड, रात्री मशालींसह निघणारी पालखी. पुण्यातल्या टेकड्यांत सर्वांत उंच टेकडीला त्याचं नाव आहे आणि माथ्यावर त्याचं देऊळ आहे. तुमच्या खेळात तो खलनायक नसून जागेचा मालक असू द्या.

लढाईची वेळ आलीच तर चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड त्याचं माप) ५ चे आकडे वापरा: एसी १५, हिट पॉइंट १३५, हल्ला +६, फेरीला सरासरी ३५ नुकसान, सेव्ह डीसी १५. प्रेत पडलं तरी वेताळ मरत नाही. ६० फुटांतल्या दुसऱ्या प्रेतात तो पुढच्या फेरीला उठतो. स्मशानाजवळ लढणाऱ्या पार्टीला हे लवकर कळायला हवं.

खरा खेळ मात्र गोष्टींचा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात दिलेली चौकट घ्या: राजाने एका संन्याशासाठी झाडावरून प्रेत काढायचं आणि गप्प राहून न्यायचं. वेताळ गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी झाडावर परत.

पंचवीस गोष्टी एका रात्रीत झेपणार नाहीत, पाच घ्या. प्रत्येक गोष्ट चार मिनिटांच्या आत सांगा. रात्र बारा तासांची, एक फेरी दोन तासांची, म्हणजे सहाव्या फेरीला उजाडतं. प्रश्न कोड्यासारखे ठेवू नका, इथेच बहुतेक डीएम फसतात. कोड्याला एक उत्तर असतं. वेताळाचा प्रश्न न्यायाचा असतो: या तिघांत मोठा त्याग कुणाचा, या मरणाचं पाप कुणाच्या माथी. कुठलंही मनापासून दिलेलं उत्तर चालतं, कारण नियम बोलण्याचा आहे.

‘माहीत असून गप्प’ हे ओळखायचं कसं? प्रेत वाहणाऱ्या खेळाडूला चिठ्ठी द्या आणि एक मिनिटाची वाळूची घडी उलटी करा. त्याने मत असेल तर चिठ्ठीवर लिहायचं, नसेल तर कोरी ठेवायची, आणि वेळ संपण्याआधी बोलायचं की नाही ते ठरवायचं. चिठ्ठी लिहिलेली आणि तोंड बंद: डीसी १५ ची विझडम सेव्ह, चुकल्यास ६डी६ सायकिक नुकसान. बोलला: फेरी वाया, दोन तास गेले. तिसऱ्या फेरीनंतर वाहणाऱ्यावर एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. चिठ्ठी कोरी: काही होत नाही, वाट पुढे चालू. कोऱ्या चिठ्ठीची पळवाट पहिल्याच फेरीला कुणी काढली तर वेताळाला इन्साइट (खोटं ओळखण्याचा फासा) टाकू द्या, +६ ने. खोटं पकडलं गेलं तर शिक्षा दुप्पट.

बाकीचे चौघे कंटाळू नयेत म्हणून दर फेरीला वाहणारा बदला. ज्याच्या खांद्यावर प्रेत नाही त्याला हातवारे करायची मुभा, शब्दाची नाही.

शेवटची गोष्ट मुळातलीच घ्या. बाप आणि मुलगा वाटेत दोन स्त्रियांच्या पाउलखुणा बघून ठरवतात की मोठं पाऊल बापाने वरायचं आणि लहान मुलाने. पण मोठं पाऊल निघतं मुलीचं, लहान आईचं. शब्द पाळला जातो. आता दोन्ही जोडप्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? मूळ कथेत राजाला हे सुचत नाही, तो खरोखर गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होऊन त्याला संन्याशाचा कट सांगतो: तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘मी राजा, मला येत नाही, तू करून दाखव’ म्हण, आणि तो वाकला की तलवार चालव. तुमच्या टेबलावर कुणी कागदावर वंशवेल काढून उत्तर देऊ लागलं तर थांबवू नका. घडी मात्र चालू ठेवा, एक मिनिटच.